लाकडी प्रोपेलर सीएनसीवर घडवताना : आराखड्यापासून तोल साधेपर्यंत

लाकडी प्रोपेलर हाताने कोरणाऱ्याचा सर्वाधिक वेळ पहिले पाते घडवण्यात जात नाही. तो दुसरे पाते हुबेहूब पहिल्यासारखे करण्यात जातो. राइट बंधूंनी १९०३ च्या विमानासाठी स्प्रूसचे थर चिकटवून हातहत्यारांनी सुमारे अडीच मीटर व्यासाचे प्रोपेलर कोरले, तेव्हाही ही अडचण होतीच. आज टेबलावर मावणारा सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेने फिरत्या कटरने लाकूड कापणारे यंत्र) आणि फुकट मिळणारी आराखड्याची सॉफ्टवेअर यांच्या मदतीने ती बऱ्याच अंशी सुटते. मात्र दोन्ही पाती सारखी होतात ती यंत्र अचूक असते म्हणून आपोआप नव्हे. लाकूड निवडण्यापासून फळी उलटवण्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर तो सारखेपणा आपल्याला जपावा लागतो. पुढील विवेचनात जिथे जिथे तो निसटण्याचा धोका आहे, तिथे मी मुद्दाम जास्त थांबलो आहे.

उदाहरण म्हणून २२ इंच व्यास आणि १० इंच पिच असलेला, म्हणजे ५५९ मिमी बाय २५४ मिमी मापाचा, दोन पात्यांचा प्रोपेलर घेऊ. मोठ्या मॉडेल विमानांच्या सुमारे ५० सीसी पेट्रोल इंजिनांवर हे माप नेहमी वापरले जाते आणि ६०० बाय ४०० मिमी चाल असलेल्या राउटरवर ते जेमतेम बसते. माणूस वाहून नेणाऱ्या विमानाच्या प्रोपेलरला प्रमाणपत्राचे आणि चाचण्यांचे वेगळे नियम असतात. हा लेख त्यासाठी नाही.

आकडे आधी, आराखडा नंतर

पिच म्हणजे प्रोपेलर एका फेऱ्यात, हवेत जराही न घसरता, जितका पुढे सरकला असता तितके अंतर. त्यावरून प्रत्येक त्रिज्येवरचा पात्याचा कोन निघतो : पिचला दोन पाय (π) गुणिले त्रिज्येने भागायचे आणि आलेल्या संख्येचा व्यस्त टॅन्जंट घ्यायचा. आपल्या उदाहरणात पिच भागिले दोन पाय म्हणजे ४०.४ मिमी येते. त्यामुळे ७० मिमी त्रिज्येवर कोन ३० अंश, ११२ मिमीवर १९.९, १६८ मिमीवर १३.५, २१० मिमीवर १०.९, २५२ मिमीवर ९.१ आणि टोकाला ८.२ अंश येतो. बुंध्याजवळ पाते चांगलेच उभे आणि टोकाकडे जवळजवळ आडवे का दिसते, हे या आकड्यांवरून लगेच ध्यानात येते.

टोकाचा वेग याच वेळी तपासावा. मिनिटाला ७,००० फेऱ्यांना आपल्या प्रोपेलरचे टोक सेकंदाला सुमारे २०५ मीटर वेगाने फिरते, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ६० टक्क्यांच्या आसपास. ही मर्यादा सुखाची आहे. हा आकडा ८० टक्क्यांच्या वर जाऊ लागला की आवाज झपाट्याने वाढतो आणि कार्यक्षमता घसरते. मग व्यास कमी करणे किंवा फेरे कमी ठेवणे हाच उपाय उरतो.

पात्याच्या छेदासाठी क्लार्क वाय हा आकार सुरुवातीला उत्तम. तो १९२२ साली तयार झाला, त्याची जाडी रुंदीच्या ११.७ टक्के असते आणि खालची बाजू मागच्या बहुतांश भागात सपाट असते. या सपाटपणाचा फायदा हवेपेक्षा कार्यशाळेत अधिक जाणवतो, कारण तयार पात्याच्या सपाट बाजूला साधा कोनमापक टेकवून पिच पडताळता येते. बुंध्याजवळ मजबुतीसाठी हाच छेद जाड करत न्यावा. ७० मिमी त्रिज्येवर रुंदीच्या २० ते २५ टक्के जाडी ठेवायला हरकत नाही. रुंदी ७० मिमीवर ४४ मिमी, मध्यावर ४८ मिमी आणि टोकाजवळ २६ मिमी अशी गृहीत धरून चालू. आणखी खोलात जायचे असेल, तर एमआयटीतील मार्क ड्रेला यांचे एक्सफॉइल छेदाच्या अभ्यासासाठी आणि क्यूप्रॉप संपूर्ण प्रोपेलरच्या गणितासाठी विनामूल्य उपलब्ध आहे.

फ्रीकॅडमध्ये पाते उभे करणे

फ्रीकॅड हे आराखड्याचे सॉफ्टवेअर पूर्णपणे मुक्त आणि मोफत आहे, आराखडा आणि टूलपाथ (कटरच्या हालचालींचा मार्ग) ही दोन्ही कामे त्यातच होतात, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीपासून ते पुष्कळ स्थिरावले आहे. फ्युजन या दुसऱ्या सॉफ्टवेअरची वैयक्तिक वापराची मर्यादित आवृत्तीही फुकट मिळते आणि तिचे टूलपाथ अधिक सफाईदार असतात. मी मात्र फ्रीकॅड सुचवीन, कारण परवान्याच्या अटी बदलल्या म्हणून जुनी फाइल अडकून पडण्याची भीती त्यात नाही. ज्यांना कोड लिहिण्याची सवय आहे, त्यांना ओपनएससीएडीमध्ये हेच काम काही ओळींच्या प्रोग्रामने करता येते.

प्रथम स्प्रेडशीटमध्ये त्रिज्या, रुंदी, जाडी आणि कोन असे चार रकाने भरावेत. क्लार्क वायच्या बिंदूंची फाइल आयात करून प्रत्येक त्रिज्येसाठी तिची एक प्रत त्या रुंदीला मोजून लहान-मोठी करावी, त्या कोनात फिरवावी आणि त्या त्रिज्येवर ठेवावी. फिरवण्याचा बिंदू पुढच्या धारेपासून रुंदीच्या सुमारे ३५ ते ४० टक्क्यांवर घ्यावा. तिथे छेदाचा गुरुत्वमध्य जवळ असतो, त्यामुळे फिरताना बाहेर ओढणारा ताण पात्याला वाकवत नाही. मग सर्व छेद लॉफ्टने, म्हणजे छेदांवरून सलग पृष्ठभाग ताणणाऱ्या क्रियेने, जोडावेत. प्रत्येक छेदात बिंदूंची संख्या सारखी आणि सुरुवातीचा बिंदू एकच असला पाहिजे, नाहीतर पृष्ठभागाला अशी सूक्ष्म मुरड पडते की पडद्यावर ती दिसत नाही आणि पॉलिश लावल्यावर मात्र लपत नाही.

मागची धार आराखड्यात कधीही शून्य जाडीची ठेवू नये. कटर तितक्या पातळ कडेवरून गेला की लाकडाचे तंतू उचकटतात. आराखड्यात १.२ मिमी जाडी ठेवावी आणि उरलेली हाताने पॉलिश पेपरने उतरवावी.

एक पाते मनासारखे झाले की त्याची दुसरी प्रत मध्याभोवती १८० अंशांत फिरवून घ्यायची. येथे आरसा-प्रतिमा घेणे ही मोठी चूक ठरते, कारण तसे केल्यास एक पाते हवा मागे ढकलते आणि दुसरे पुढे. फिरण्याची दिशाही याच वेळी ठरवावी : पुढून ओढणारा नेहमीचा प्रोपेलर मागून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो आणि त्याची फुगीर बाजू पुढे असते. मी पहिला प्रोपेलर केला तेव्हा कोनाचे चिन्ह उलटे पडले होते आणि ते लक्षात आले ते वार्निशचा शेवटचा थर वाळल्यावर, इंजिनासमोर तो धरून पाहताना. तेव्हापासून मी आराखडा कागदावर छापतो, धारांवर बाण काढतो आणि तो कागद इंजिनाला टेकवून पाहिल्याशिवाय लाकडाला हात लावत नाही.

लाकूड आणि थर

यंत्र आकार देते. ताकद येते ती लाकडातून. हिशेब करून पाहावा : एका पात्याचे वजन ५० ग्रॅम आणि त्याचा गुरुत्वमध्य केंद्रापासून १३० मिमीवर धरला, तर ७,००० फेऱ्यांना ते पाते बुंध्याला सुमारे ३,५०० न्यूटन, म्हणजे साडेतीनशे किलो टांगल्याइतक्या जोराने ओढते. ही ओढ तंतूंच्या दिशेने असते म्हणूनच लाकूड ती सहज पेलते, आणि म्हणूनच तंतू तिरके गेलेली फळी येथे धोकादायक असते. विमानाच्या लाकडासाठी रूढ असलेला दंडक येथेही पाळावा : १५ सेंमी लांबीत तंतू १ सेंमीपेक्षा जास्त तिरके जाता कामा नयेत. गाठ, भेग किंवा किडीचे भोक असलेला तुकडा बाजूला काढावा. बीच, मेपल आणि बर्च ही लाकडे घट्ट, एकसारख्या पोताची आणि धार टिकवणारी आहेत. स्प्रूस वजनाने हलके असते, परंतु त्याच्या धारेला लवकर खाचा पडतात.

फळी एकसंध न घेता ६ मिमीचे पाच थर चिकटवून ३० मिमी जाडीची करावी. एकाच लाकडातून कापलेले थर एकाआड एक उलटे ठेवले, की त्यांच्या वाकण्याच्या प्रवृत्ती एकमेकींना रोखून धरतात. थर चिकटवण्यापूर्वी प्रत्येकाचे वजन करावे आणि एकच टोक जड लागणारे तुकडे विरुद्ध दिशांना वाटून द्यावेत. पाच मिनिटांचे हे काम पुढे तोल साधताना तासभर वाचवते. लाकडातील ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान असावा. चिकटवण्यासाठी सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी किंवा रेसॉर्सिनॉल वापरावे. सुतारकामातला नेहमीचा पांढरा ग्लू येथे टाळावा, कारण सततच्या ताणाखाली आणि उष्णतेत तो हळूहळू सरकतो. इपॉक्सी असेल तर क्लॅम्प जिवाच्या आकांताने आवळू नयेत. सांध्यातला सगळा डिंक बाहेर आला तर सांधा उपाशी राहतो.

चांगले लाकूड फक्त मधल्या ६० मिमी पट्टीत लागते. दोन्ही बाजूंना साध्या लाकडाच्या पट्ट्या चिकटवून फळी ११० मिमी रुंद आणि ६२० मिमी लांब करावी. ही बाहेरची चौकट शेवटपर्यंत प्रोपेलरला धरून ठेवते आणि मग काढून टाकली जाते.

यंत्राची तयारी

स्वस्त राउटरमध्ये तीन गोष्टी तपासल्याशिवाय काम सुरू करू नये. पहिली, एक्स आणि वाय अक्ष परस्परांना काटकोनात आहेत का. टाकाऊ एमडीएफवर ३०० मिमी बाजूच्या चौरसाच्या चार कोपऱ्यांवर भोके पाडून दोन्ही कर्ण मोजावेत, ते ४२४.३ मिमी आणि एकमेकांशी समान आले पाहिजेत. दुसरी, यंत्राच्या टेबलावरची एमडीएफची बळीची फळी (कामाच्या फळीखालची, कटर लागला तरी चालणारी) यंत्राकडूनच वरून तासून घेतली आहे का. फळीचे एक टोक ०.२ मिमी उंच राहिले, तर एक पाते जाड आणि दुसरे पातळ होते, आणि टोकाशी जिथे एकूण जाडीच ३ मिमी आहे तिथे हा फरक क्षुल्लक राहत नाही. तिसरी, झेडची, म्हणजे वर-खाली चालीची, उंची पुरते का. ३० मिमी फळी, तिच्याखालची बळीची फळी आणि लांब कटर या सर्वांना मिळून गँट्रीखाली (कटर वाहणाऱ्या आडव्या तुळईखाली) जागा लागते, हे कागदावर मांडून पाहावे.

यंत्राच्या नियंत्रणाचे सॉफ्टवेअर म्हणून जीआरबीएल किंवा लिनक्ससीएनसी यांपैकी काहीही चालते. पहिले साध्या आर्डुइनो बोर्डावर चालते, दुसऱ्यासाठी पूर्ण संगणक लागतो. या कामात दोघांच्या परिणामात फरक पडत नाही.

टूलपाथ

खडबडीत कापणीसाठी ६ मिमीचा सपाट टोकाचा, दोन धारांचा कटर (एंड मिल) घ्यावा, प्रत्येक फेरीत ३ मिमी खोल जावे आणि पृष्ठभागावर ०.८ मिमी लाकूड शिल्लक ठेवावे. सरकण्याचा वेग काढण्याचे सूत्र सोपे आहे : स्पिंडलचे फेरे, धारांची संख्या आणि प्रत्येक धारेने काढायच्या शेवेची जाडी यांचा गुणाकार. मिनिटाला १८,००० फेरे, दोन धारा आणि ०.०५ मिमी शेव धरल्यास मिनिटाला १,८०० मिमी येतात. यंत्र हलके असेल तर वेगाआधी खोली कमी करावी. फार सावकाश सरकणे सुरक्षित वाटते, पण तसे केल्याने धार लाकडाला कापण्याऐवजी घासते. भुश्याचा रंग तपकिरी पडला किंवा करपल्याचा वास आला, तर कटर बोथट झाला आहे किंवा सरकण्याचा वेग कमी पडतो आहे, असे समजावे.

शेवटच्या कापणीसाठी ६ मिमीचा गोल टोकाचा (बॉल नोज) कटर वापरावा. दोन शेजारच्या फेऱ्यांमध्ये राहणाऱ्या वरंब्याची उंची म्हणजे स्टेपओव्हरचा (त्या दोन फेऱ्यांमधल्या अंतराचा) वर्ग भागिले कटरच्या त्रिज्येची आठपट. स्टेपओव्हर ०.५ मिमी ठेवला तर वरंबा ०.०१ मिमी राहतो, म्हणजे बारीक पॉलिश पेपरच्या दोन-चार हातांचे काम. फेऱ्या पात्याच्या लांबीच्या दिशेने घ्याव्यात : तंतू उचकटत नाहीत, झेड अक्षाला हळुवार चढउतार मिळतो आणि ५० मिमी रुंदीसाठी शंभर लांब फेऱ्या पुरतात. मिनिटाला १,२०० मिमी वेगाने एका बाजूला साधारण पाऊण तास लागतो. फ्रीकॅडमध्ये हे काम कॅम विभागातील त्रिमित पृष्ठभागाच्या क्रियेने होते, मात्र तिच्यासाठी ओपनकॅमलिब बसवलेले असावे लागते.

फळी उलटवणे : सर्वांत नाजूक टप्पा

दोन्ही बाजूंच्या कामात एक्स आणि वायचा शून्यबिंदू प्रोपेलरच्या केंद्रावरच ठेवावा. पहिल्या बाजूला सर्वांत आधी केंद्राचे भोक, बोल्टची भोके आणि चौकटीत एक्स अधिक-उणे २०० व वाय अधिक-उणे ४५ मिमी या चार जागी ६ मिमीची डॉवेलची, म्हणजे खुंट्यांची, भोके पाडावीत, तीही फळीतून आरपार आणि खालच्या बळीच्या फळीत १० मिमी खोल. ही भोके सममित असल्यामुळे फळी लांबीच्या अक्षाभोवती उलटवली की तीच भोके त्याच खुंट्यांवर बसतात. बसताना जोर लावावा लागला, तर हातोडीला हात न घालता अक्षांचा काटकोन पुन्हा तपासावा.

येथे होणाऱ्या चुका सारख्या वजनाच्या नसतात. दुसऱ्या बाजूचा झेड शून्य ०.२ मिमी चुकला तर दोन्ही पाती सारखीच जाड किंवा पातळ होतात. प्रोपेलर आराखड्यापेक्षा वेगळा होतो, पण तोल शाबूत राहतो. वाय दिशेने मात्र ०.५ मिमी सरकले, तर ७० मिमी त्रिज्येवर एका पात्याची जाडी सुमारे ०.३ मिमीने वाढते आणि दुसऱ्याची तितक्याच प्रमाणात घटते, कारण दोन पात्यांचे उतार विरुद्ध दिशांना आहेत. म्हणून खुंट्या भोकात सैल हलता कामा नयेत, आणि पहिल्या बाजूनंतर बळीची फळी जागची हलवायची नाही.

सपाट बाजू आधी आणि फुगीर बाजू नंतर कापावी. पहिल्या बाजूच्या खडबडीत कापणीनंतर फळी एक दिवस तशीच ठेवली, तर लाकडातले अडकलेले ताण मोकळे होतात आणि जे वाकायचे ते अंतिम कापणीपूर्वी वाकून जाते. पहिली बाजू पूर्ण झाल्यावर तिच्या पोकळीला पॅकिंगची चिकटपट्टी लावून वर वितळलेले पॅराफिन मेण ओतावे आणि थंड झाल्यावर ते फळीच्या पातळीत तासून घ्यावे. चिकटपट्टी नसेल तर मेण लाकडात मुरते आणि वार्निश धरत नाही. मेणाचा आधार नसलेले पातळ पाते कटरखाली थरथरते, आणि त्या थरथरीच्या आडव्या रेघा टोकाजवळ उमटतात. अंतिम कापणीत प्रत्येक टोकाला एक आणि हबच्या (पाती जोडणाऱ्या मधल्या भागाच्या) दोन्ही अंगांना एकेक असे ४ मिमी जाडीचे टॅब (चौकटीशी जोडून ठेवणारे न कापलेले तुकडे) ठेवावेत व ते शेवटी बारीक करवतीने कापावेत.

प्रोपेलर चौकटीतून सुटला की तो उजेडात धरून थरांच्या सांध्यांकडे पाहावे. पाच थरांचे चार सांधे वळणदार पृष्ठभागावर नकाशातल्या समोच्च रेषांसारखे उमटलेले असतात. एका पात्यावरची प्रत्येक रेघ दुसऱ्या पात्यावर त्याच त्रिज्येवर, त्याच वळणाने गेलेली दिसली, तर दोन्ही पाती सारखी झाली आहेत. एखादी रेघ एका बाजूला ३-४ मिमीने पुढे सरकलेली दिसली, तर फळी कुठे तिरकी बसली होती हे ती रेघच सांगते. कॅलिपर हातात घेण्याआधी मी नेहमी हीच तपासणी करतो.

सफाई आणि तोल

१८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून २४० आणि ३२० पर्यंत यावे, आणि दोन्ही पात्यांवर हात मोजून फिरवावेत. पहिल्या पात्यावर वीस तर दुसऱ्यावरही वीसच. लाकडाची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते, त्यामुळे मास्क लावणे आणि धूळ ओढून घेण्याची सोय करणे आवश्यक आहे. पुढच्या धारेच्या बाहेरच्या भागावर पातळ फायबरग्लासचे कापड इपॉक्सीने बसवले, तर गवत आणि वाळूच्या कणांपासून तिचे रक्षण होते.

तोल वार्निशच्या आधी एकदा आणि नंतर एकदा पाहावा. केंद्राच्या भोकात घट्ट बसणारी सरळ दांडी घालून ती समपातळीत ठेवलेल्या दोन धारदार पट्ट्यांवर टेकवावी, आणि खिडक्या व पंखे बंद करावेत. प्रोपेलर आडवा सोडल्यावर जे पाते हळूच खाली जाते ते जड. घाई न करता तीन वेळा, दांडी अर्धा फेरा फिरवून, पुन्हा पाहावे, कारण कधी कधी दोष दांडीच्या वाकण्यात असतो. टोकाजवळ राहिलेला एक ग्रॅमचा फरक ७,००० फेऱ्यांना सुमारे १३५ न्यूटनचा धक्का प्रत्येक फेऱ्यात देतो, त्यामुळे येथे पाव ग्रॅमसुद्धा सोडू नये. जड पात्याच्या फुगीर बाजूवर पॉलिश पेपर फिरवावा किंवा हलक्या पात्याच्या टोकाकडे वार्निशचा एक जादा थर द्यावा. नंतर प्रोपेलर उभा ठेवून पाहावा. उभ्या स्थितीतून तो एका अंगाला कलला, तर असमतोल हबमध्ये आहे, आणि तो हबच्या जड अंगाला थोडे घासून काढावा लागतो.

वार्निश पॉलीयुरेथेनचे, तीन किंवा चार पातळ थरांत द्यावे. टोके आणि भोकांच्या आतल्या भिंती विसरू नयेत. तंतूंची उघडी तोंडे तिथे असतात आणि ओलावा तिथूनच आत शिरतो.

पहिली फेरी

इंजिनावर बसवल्यावर प्रथम एका स्थिर पेन्सिलीजवळून दोन्ही टोके हाताने फिरवून पाहावीत. त्यांच्या मार्गांत १ मिमीपेक्षा अधिक अंतर नसावे. लाकडी हब बोल्टच्या कातरण्यावर चालत नाही, तो फ्लँजच्या (हबवर दाबून बसणाऱ्या चकतीच्या) दाबातून निर्माण होणाऱ्या घर्षणावर चालतो. म्हणून बोल्ट एकसारखे आणि समोरासमोर आवळावेत, पण फ्लँज लाकडात रुतेल इतके नाही. पहिल्या काही फेऱ्यांनंतर आणि हवामान बदलले की ते पुन्हा तपासावेत, कारण लाकूड आकसते. पहिल्यांदा चालवताना प्रोपेलरच्या पातळीत कोणीही उभे राहू नये. फेरे एक-तृतीयांश, मग दोन-तृतीयांश असे वाढवावेत आणि प्रत्येक टप्प्यानंतर इंजिन बंद करून सांधे व बुंधा नखाने आणि भिंगाने तपासावा. केसाएवढी भेग दिसली तरी तो प्रोपेलर दुरुस्त न करता मधून कापून टाकावा, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या हाती तो चुकून जाणार नाही.

काम नसताना प्रोपेलर भिंतीवर उभा टांगू नये. ओलावा खालच्या पात्याकडे झुकतो आणि महिन्याभरात साधलेला तोल बिघडतो; तो आडवा, दोन्ही पाती एकाच उंचीवर राहतील असा ठेवावा.